दगडी तळे आणि वल्लभाचे बोलणे

एका राज्यात साळुंक्या बाजारभाव सांगत आणि पोपट घरोघर निरोप पोचवत. त्यांच्या संगतीने माणसेही फार भराभर बोलत. राणी चारुशीला तिथे न्यायाने राज्य करी. नगराच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण तळे होते, आणि त्या तळ्याला शाप होता.

वज्रजिव्ह नावाच्या मांत्रिकाने आपली सारी संपत्ती त्या तळ्याच्या तळाशी ठेवली होती. ती कोणी काढू नये म्हणून त्याने पाण्याचा दगड केला. मासे जिथल्या तिथे थिजले, एक नाव वल्ह्यासकट अडकून राहिली. दगड सोडवणारा मंत्र त्याने डोंगरावरच्या एका धनेश पक्ष्याच्या कंठात ठेवला, आणि मग तो मरून गेला.

मंत्र आणायला पंडित गेले, सरदार गेले. पण धनेश फार म्हातारा होता. तो एक अक्षर उच्चारी, आणि ऊन या फांदीवरून त्या फांदीवर जाईपर्यंत गप्प बसे. थोडी अक्षरे ऐकली की लोकांना पुढचे कळल्यासारखे वाटे. ते धावत खाली येत, उरलेला मंत्र अंदाजाने म्हणत, आणि मंत्र चुकला की दगड काठाबाहेर सरके. त्याने भातखाचरे गिळली, आमराई गिळली. आता तो वेशीला टेकला होता, आणि नगरात एका आडाचे पाणी तेवढे उरले होते.

त्या नगरात रंगाऱ्यांच्या आळीत आवडाबाई नावाची विधवा राहत होती. तिला वल्लभ नावाचा मुलगा होता. जन्मापासून त्याचे हात थरथरत, चाल अडखळे, आणि शब्द ओठांवर यायला फार वेळ लागे. मनात सारे लख्ख असे, पण मनापासून तोंडापर्यंतची वाट लांब होती. आळीतले लोक त्याच्याशी वाईट वागत नसत. सणाला गोडधोड देत, चढावर हात धरत. पण काम त्याला कोणी सांगत नसे, आणि त्याचे वाक्य कोणी पुरे होऊ देत नसे. त्याने "मला" म्हटले की कोणी पाणी आणी, कोणी घोंगडी आणी. आवडाबाई तर त्याचे ओठ हलताच त्याच्या वतीने बोलून मोकळी होई. तिला वाटे, तेवढेच पोराचे श्रम वाचतात. वल्लभाची विशी उलटली, तरी मनातली एक गोष्ट अशी त्याने स्वतःच्या तोंडाने कधी पुरी सांगितली नव्हती.

एके दिवशी राणीने दवंडी पिटवली, "डोंगरावर कोण जाईल?" वल्लभ भिंतीला धरत धरत दरबारात आला. त्याने "मी" म्हटले आणि त्याचा शब्द अडला.

प्रधान हळुवारपणे म्हणाले, "याला मदत हवी आहे. याच्या घरी शिधा पोचवा."

राणीच्या खांद्यावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "त्याचं वाक्य अजून संपलेलं नाही."

राणीने हात वर करून दरबार थांबवला. बऱ्याच वेळाने वल्लभ म्हणाला, "मी... ऐकायला... जाईन."

राणी म्हणाली, "जा. आणि वाटेत काही लागलं तर माग. या राज्यात तुला कोणी नाही म्हणणार नाही."

मेंढपाळांनी त्याला आपल्या तट्टावरून वर नेले. धनेश बोलू लागला. एक अक्षर आले, ऊन सरकले. दुसरे आले, ढग येऊन गेले. वल्लभ झाडाच्या मुळावर बसून राहिला. त्याला कंटाळा आला नाही. आयुष्यात प्रथमच कोणी त्याच्याच चालीने चालले होते. पुढे काय येईल याचा त्याने अंदाज बांधला नाही. मंत्र संपला तेव्हा धनेशाने मान कलती करून विचारले, "तू मधे का बोलला नाहीस?"

"मधे... कोणी बोललं, की कसं वाटतं... मला ठाऊक आहे," वल्लभ म्हणाला. पक्षीही शेवटपर्यंत थांबला.

मग धनेशाने सांगितले, "तीन कामांनी दगड सुटेल. पहिलं ऐकण्याचं, ते झालं. दुसरं, या झऱ्याचं पाणी स्वतःच्या हाताने न सांडता खाली ने आणि दगडावर ओत. तिसरं, साऱ्या नगरासमोर मंत्र म्हण. ज्याने ऐकला त्यानेच म्हणायचा. मधे दुसऱ्याचा शब्द पडला, तर दगड नगर गिळूनच थांबेल."

वल्लभाने तांब्या भरला. पण त्याचे हात थरथरत होते. डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तांब्यात घोटभर पाणीही उरले नाही. तो तिथेच मटकन बसला. पहिले काम त्याला जमले होते, म्हणून दुसरे फसल्याचे दुःख त्याला अधिकच लागले.

समोर दुरपदा कुंभारणीचे चाक फिरत होते. तिने विचारले, "काय झालं रे?" वल्लभ सांगू लागला. ती एक मडके उतरवी, दुसरे चढवी, आणि कान त्याच्याकडे ठेवी. त्याचे सांगून पुरे झाले तेव्हा तिने हात पुसले.

ती म्हणाली, "भांड्याविषयी पक्ष्याने काही अट घातली आहे का?"

वल्लभाने नकारार्थी मान हलवली.

"मग तांब्याच कशाला हवा? हात इकडे दे."

तिने ओल्या मातीवर त्याची बोटे दाबून घेतली आणि त्या खुणांवरच एक सुरई घडवली. गळा अरुंद, तोंडाला झाकण, खांद्याला अडकवायला दोरी. भट्टीतून निघाल्यावर ती त्याच्या हातात अशी बसली की हात थरथरला तरी सुरई सुटेना. वल्लभ पुन्हा वर गेला आणि भरलेली सुरई घेऊन उतरला. या वेळी एक थेंबही सांडला नाही.

आता तिसरे काम उरले. नगरात भीती पसरली. प्रधान राणीला म्हणाले, "महाराणी, तो अडखळला आणि गर्दीतून कोणी चकार शब्द काढला, तर आपण सगळे दगडाखाली जाऊ."

राणी म्हणाली, "तर मग गर्दीला गप्प राहावं लागेल, प्रधानजी. तेवढं काम आपलं."

सकाळी घरातून निघताना वल्लभ आईला म्हणाला, "आई, आज... तू बोलू नकोस."

आवडाबाईचे डोळे भरले. "मी कधी तुझं वाईट केलं का रे?"

"नाही. पण आज... माझं मला... बोलू दे."

तिने त्याच्या डोक्याला पागोटे बांधले आणि ती त्याच्या मागोमाग चालू लागली.

सारे नगर काठावर जमले. राणी सिंहासन सोडून जमिनीवर बसली. पोपटांनी चोची पंखांत खुपसल्या. वल्लभाने सुरईतले पाणी दगडावर ओतले आणि मंत्र सुरू केला. एक अक्षर आले. लोक थांबले. दुसरे आले. सूर्य चढला, सावल्या पायांशी आल्या. भराभर बोलणारी ती माणसे ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि जन्मात प्रथमच एका माणसाचा चेहरा नीट पाहत होती. ते कष्ट, तो घाम, आणि प्रत्येक अक्षर बाहेर आल्यावर डोळ्यांत क्षणभर चमकणारा आनंद.

शेवटचे अक्षर उरले आणि वल्लभ अडला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. ते अक्षर कोणते, हे त्या साऱ्या गर्दीत एकट्या आवडाबाईला कळले. जन्मभर तिने ते ओठ वाचले होते. अक्षर तिच्या जिभेवर आले. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. तिने आवाज फुटू दिला नाही.

आणि वल्लभाने ते अक्षर उच्चारले.

दगडातून एक मासा उसळला. मग लाट आली, अडकलेली नाव डुलली, आणि पाणी भातखाचरांतून, आमराईतून मागे सरत आपल्या जागी गेले. मांत्रिकाची संपत्ती तरंगत काठाला लागली. ती राणीने दगडाखाली गेलेल्या शेतांच्या मालकांना देऊन टाकली. आवडाबाई लेकाच्या गळ्यात पडून रडली, आणि तेव्हाही तिने एक शब्द उच्चारला नाही.

राणीने विचारले, "वल्लभा, तुला काय हवं?" प्रधानांनी तोंड उघडले आणि लगेच मिटले.

"काम," वल्लभ म्हणाला. "दरबारात... फिर्यादी ऐकण्याचं." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आणि मी एकटा नाही. आमच्या आळीत... सगुणा आहे. तिला दिसत नाही. जिवा आहे. त्याला समजायला... वेळ लागतो. त्यांनाही कोणी... विचारत नाही."

राणी दुसऱ्याच दिवशी आळीत गेली. सगुणेच्या उंबऱ्यावर बसून तिने विचारले, "तुला काय करावंसं वाटतं?" सगुणा म्हणाली, "नाव वल्हवावीशी वाटते." घरचे हबकले. पण एक म्हातारा नावाडी पुढे येऊन म्हणाला, "वल्ही ती मारेल, मी पुढे बसून वाट सांगेन." जिवाने काहीच मागितले नाही. राणी त्याच्याकडे पुन्हा गेली, आणि पुन्हा गेली. शेवटी एकदा तो दुरपदेच्या चाकाकडे बोट दाखवून हसला. त्याचे पहिले मडके वाकडे झाले. दुरपदेने माती पुन्हा मळून त्याच्यापुढे ठेवली.

वल्लभ दरबारात बसू लागला. घाईने आलेले लोक त्याच्यासमोर सावकाश होत. जे घाबरून बोलत नसत, ते त्याच्यापुढे मोकळे होत.

पहिल्या दिवशी तो दिवेलागणीला घरी आला. आवडाबाईने पान वाढले होते. तो म्हणाला, "आई, आज दरबारात..." आणि थांबला. भाताची वाफ विरत चालली होती. आवडाबाईने ताटावर झाकण ठेवले, हात मांडीवर घेतले आणि ती ऐकत बसली.

त्या माउलीने जसे ऐकले, तसे आपलेही कोणी शेवटच्या अक्षरापर्यंत ऐको, आणि आपल्यालाही तसे ऐकता येवो.