चित्र्याची पाठ

"पण बाबा, माझं चुकलं कुठं?"

दौलू पुकळेने तिसऱ्यांदा विचारलं. एके काळचा नामांकित पैलवान गडी, पण आज आवाज पार बसला होता. आपल्या कुत्र्याच्या, चित्र्याच्या दोराचे दोन वेढे त्याने मनगटाला घातले होते. परवा या चित्र्याने शेजाऱ्याच्या कुत्रीचं पिल्लू फाडलं, आणि गावाने दौलूला त्याची दुसरीकडे सोय लावायला आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर भाकरीतून विष.

गावाबाहेरच्या तक्क्यावरचे फकीर हसनबाबा एवढंच म्हणाले होते, माझ्या दोन कुत्र्यांत रमला तर राहू दे इथंच.

ती दोन कुत्री लिंबाखाली खेळत होती. थोरला दांडगा, धाकटी लंगडी. थोरल्याने पुढचे पाय जमिनीला टेकले, ढुंगण वर केलं, शेपूट हलवली. हे त्याचं खेळायचं आवतण. लंगडी धावून आली तसा तो आपणहून मातीत उताणा झाला, आणि ती त्याच्या नरड्याशी खोटं खोटं गुरगुरू लागली.

"एवढा दांडगा, आन् पडला की."

"दिवसातनं धा येळा पडतो," बाबा म्हणाले.

दौलूला राहवलं नाही. चित्र्याच्या पाठीला आपण कधी माती लागू दिली नाही, हे त्याने छाती पुढं काढून सांगितलं. लहानपणी दुसऱ्या पिल्लांनी त्याला जरा खाली घेतलं, की दौलू दोर ओढून त्याला उचलून घ्यायचा.

"दर खेपेला?"

"दर खेपेला."



बाबा उठले आणि चित्र्यासमोर जाऊन सत्तरीचा तो म्हातारा सरळ धुळीत उताणा झाला. गळा उघडा.

चित्र्या गुरगुरला. त्याचं अंग थरथरत होतं. मान खाली गेली... छाती खाली गेली...

आता हा नरडं धरणार, असं दौलूला वाटलं. होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने दोर खेचला.

चित्र्या केकाटला, गरकन वळला, आणि समोर आलेला हात त्याने कडकडून धरला. दौलूचाच.

हात सुटला तेव्हा मनगटावरचे वेढे रक्ताने भिजले होते. दौलू हात छातीशी धरून खाली बसला. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं जनावर त्याच्याकडे दात विचकून बघत होतं.

"बघितलंसा न्हवं?" तो रडत म्हणाला. "न्हाई सुधारायचा ह्यो. गावात परत न्यावाच लागंल आता."

बाबा उठून बसले. पाठीवरची धूळही त्यांनी झटकली नाही. 

"त्यानं खेळायला पाय टेकलं हुतं, दौलू."