बायजाआत्याचा ताप

तुमच्या घरात सांगितलेलं सगळं तंतोतंत ऐकणारं कुणी आहे का? नसेल तर कुरकुर करू नका. आधी हे ऐका.

कुसरवाडी नावाच्या गावात गेणू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. आईबाप लवकर गेले, बायजाआत्यानं त्याला वाढवलं. आत्यावर त्याचा फार जीव. तिनं "दुधाकडे बघ" म्हटलं की दूध उतू जाईपर्यंत बघायचा. उतू जातानाही नीट बघायचा.

एकदा आत्याला थंडी वाजून ताप आला. दात कडकडा वाजू लागले. गेणू घाबरला. आत्या गेली तर आपल्याला कोण? तो धावत कुंदाताईंना घेऊन आला. कुंदाताई म्हणजे गावच्या आशाताई, घरोघर फिरून आजाऱ्यांची चौकशी करणाऱ्या.

त्यांनी रांजणात डोकावून पाहिलं. आत अळ्या वळवळत होत्या.

"गेणू, साठलेल्या पाण्यात डास होतात. साठलेलं पाणी सगळं ओतून टाक."

"बरं ताई, ध्यानात ठेवतो."

गेणूनं रांजण ओतला. हंडा ओतला, म्हशीची डोण ओतली, देवाची पंचपात्री ओतली. शेवटी आत्याच्या उशाचा तांब्याही ओतला.

"गेणबा, घोटभर पाणी दे रे. घसा वाळला."

"पाणी नाही आत्या. सगळं ओतलं. आता तू बरी होशील."

कुंदाताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, प्यायचं पाणी ओततात का? ते फडक्यानं झाकायचं, वरून सुतळीनं बांधायचं. डास आत शिरता कामा नये."

"असं होय? ध्यानात ठेवतो."

आणि गेणू ध्यानात ठेवायचा. तीच तर पंचाईत होती.

संध्याकाळी आत्याच्या नाकावर डास बसला. गेणूनं धोतर आणलं, आत्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं आणि वरून सुतळी बांधली.

"मेल्या," आतून आवाज आला, "जितेपणीच बांधलंस की रे!"

कुंदाताईंनी येऊन गाठी सोडल्या. "अरे, मच्छरदाणी लावायची! माणूस आत, बाकी सगळं बाहेर."

"असं होय? ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी आत्याचं रक्त काढून काचेच्या नळीत भरलं. "ही तालुक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन दे. ताप कसला आहे ते कळल्याशिवाय औषध कसं देणार?"

गेणू मच्छरदाणी घेऊन एसटीत चढला आणि सीटवर ती लावून आत बसला. नळी मात्र खिडकीच्या गजाला बाहेरून बांधली.

कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, तिकीट कुठनं देऊ?"

"जाळी उचलून द्या. पण डास बघा."

प्रयोगशाळेतल्या माणसानं नळी पाहिली. "अहो, हे रक्त उन्हात शिजलं की! काचेची नळी थंड ठेवायची. बर्फात."

"असं होय? ध्यानात ठेवतो."

तिकडे आत्याचा ताप काही उतरेना. डॉक्टरांनी गेणूकडे थर्मामीटर दिला. "रात्री ताप किती चढतो ते बघ आणि सकाळी मला दाखव."

गेणूनं पाहिलं. काचेची नळी! गोळेवाल्याकडून बर्फ आणून त्यानं ती रात्रभर त्यात पुरून ठेवली.

सकाळी पारा तळाशी. डॉक्टर खूश झाले. "वा! ताप अजिबात नाही. मग कशाला आलात?"

मागून आत्या म्हणाली, "डॉक्टर, माझ्या पाठीवर भाकरी थापून बघा. फुगली नाही तर परत जाते."

डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि चटकन सोडला. "गेणू! ही काच काखेत ठेवायची. काखेत घट्ट दाबल्याशिवाय काही कळत नाही."

"असं होय? ध्यानात ठेवतो."

नर्सबाईंनी आत्याच्या बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरलं आणि पट्टी गेणूच्या हातात दिली. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गेणूनं ती काखेत घट्ट दाबून धरली.

तिथला माणूस एकदा कोऱ्या पट्टीकडे बघे, एकदा गेणूच्या सदऱ्याकडे. "सगळं रक्त तर सदऱ्याला लागलंय. आता औषध सदऱ्याला देऊ का?"

"द्या," गेणू म्हणाला. "मी आत्याला घालायला लावतो."

शेवटी नवी काचपट्टी कुंदाताई स्वतः घेऊन गेल्या. हिवताप निघाला. आत्या आता फारच थकली होती, तिला उठून बसवेना. म्हणून डॉक्टर स्वतःच भर उन्हात मोटरसायकलवरून गोळ्या घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी आत्याला गोळी दिली आणि गेणूला समोर बसवलं.

"हे बघ, ज्याचं अंग तापलंय त्याला सकाळपर्यंत आडवं ठेवायचं. तापातला माणूस ऐकत नाही. म्हणेल मला काही झालं नाही, म्हणेल मला कामं आहेत. उठू द्यायचं नाही. ओरडला तरी नाही. समजलं?"

"समजलं. ध्यानात ठेवतो."

डॉक्टर हेल्मेट काढून चहा पीत बसले. आत्याला दरदरून घाम सुटला आणि ती गाढ झोपली. गेणूनं तिच्या कपाळाला हात लावला. गार! मग त्यानं डॉक्टरांच्या कपाळाला हात लावला. तवा!

"डॉक्टर, तुमचं अंग तापलंय."

"उन्हातून आलोय रे. मला काही झालेलं नाही."

गेणूनं मान हलवली. हे तर डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यानं त्यांना अलगद उचललं, दुसऱ्या बाजेवर आडवं केलं आणि वर बसला.

"अरे, सोड! मला कामं आहेत!"

"हेही तुम्ही सांगितलंत."

डॉक्टर ओरडू लागले. शेजारचे शंकरनाना दारात आले. "काय रे गेणू, कोण ओरडतंय?"

"पेशंट आहे, नाना. ऐकत नाही."

"जप हो," म्हणून नाना निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाआत्या ठणठणीत होऊन उठली आणि तिनं गेणूला डॉक्टरांच्या अंगावरून खाली उतरवलं.