धुऊन आणलेले पाय

"पावलसचं नाव कोणी खोडलं?" फादर सिल्व्हेस्टरनी यादी पुढे धरून विचारलं.

"मी." सिप्रियन मास्तरनं मान ताठ ठेवली.

"तुझा बाप आहे तो."

"म्हणूनच खोडलं, फादर. घरच्या माणसाला वेगळा न्याय देणार नाही मी."

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, सुरू व्हायला थोडा अवकाश होता आणि वेदीपुढे बारा खुर्च्या मांडून झाल्या होत्या. प्रभूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर दर वर्षी गावातल्या बारा जणांचे पाय धूत. कोणी बसायचं याची पाळी ठरलेली असे. यंदा पावलसची होती.

पण नाताळात हा गडी झिंगून देवळात आला आणि बाळ येशूच्या गोठ्याच्या देखाव्यावर आडवा झाला, थेट मातीच्या मेंढरांवर. सगळं गाव खो खो हसलं. सिप्रियनच्या कानातून ते हसू अजून गेलं नव्हतं. तेव्हापासून तो बापाशी एक अक्षर बोलला नव्हता.

त्याला घडवलं होतं फादरांनीच. शास्त्र तोंडपाठ, आवाज खणखणीत, राहणी टापटीप. गावाला धर्म शिकवणारा प्रचारक म्हणून कुठंच कमी नव्हता. फक्त नाकावर माशी बसू देत नसे.

"बापाच्या जागी कोण?"

"शाळेचे हेडमास्तर. निर्व्यसनी माणूस. आणि बाराही जणांना बजावलंय, घरून पाय धुऊन या म्हणून. साबण लावून. देवळात चिखल नको."

"साबण लावून..."

"हो."

"या बारांत एकही पिणारा नाही? खोटं बोलणारा? दगा देणारा?"

"एकही नाही."

"प्रभूला इतके चांगले बारा मिळाले नव्हते रे."

सिप्रियनला ते चांगलंच झोंबलं. "करा थट्टा. पण तो माणूस आज त्या खुर्चीवर बसला, तर देवळाच्या किल्ल्या इथंच ठेवतो मी. उद्यापासून दुसरा प्रचारक बघा!"

पांढऱ्या झग्यावरून फादरांनी कमरेला पंचा गुंडाळला, पाण्याची परात उचलली आणि ते बाजूच्या दाराकडे निघाले.

सिप्रियननं वाट अडवली. "देवळाची कमिटी बिशपांकडे तक्रार करील, फादर."

"करू दे. बिशपांनाही पाय आहेत."

बाहेर कडुनिंबाच्या पारावर पावलस बसला होता. वीटभट्टीवरून तसाच आलेला, पोटरीपर्यंत चिखल वाळलेला. आज आपली पाळी, एवढंच त्याला ठाऊक होतं. नाव खोडल्याचं त्याला सांगणार कोण?

मागोमाग आलेला सिप्रियन दारात थबकला. फादर पावलसपुढे मातीत गुडघ्यांवर बसले. सत्तरीचे गुडघे कटकन वाजले.

पावलसनं पाय पोटाशी ओढले. "नगा, फादर. लई घाण हायेत."

"म्हणून तर आलो."

परातीतलं पाणी बघता बघता तांबडं झालं. पावलसचे डोळे भरून आले. तो बोलला फादरांशी, पण बघत होता पोराकडे.

"आज घेतली न्हाई म्या. सकाळधरनं."

सिप्रियनला कुठं बघावं कळेना. तरी त्यानं आवाज चढवलाच.

"आत बारा जण खोळंबलेत, फादर!"

"ते धुऊनच आलेत."

फादरांनी सिप्रियनच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. पावलसनं पारावर जरासं सरकून बाजूला जागा केली.

"राहिलास तू," फादर म्हणाले. "बूट काढ... पाणी हेच."