बंद पाडून पाहिलेला संगणक

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंच्या अर्धा तास आधी एका घरी पोहोचली, आणि त्या अर्ध्या तासात बारा वर्षांचे काम कायमचे पुसले जाता जाता राहिले.

शिष्येचे नाव हेमांगी कुराडे. संगणकाची पदवी घेऊन ती गडहिंग्लजला परतली होती आणि सात महिन्यांपासून बरगेकाकांच्या हाताखाली दुरुस्तीचे काम शिकत होती. बरगेकाका सत्तरीच्या पुढचे. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि मग संगणक, अशा तीन पिढ्यांची यंत्रे त्यांच्या हाताखालून गेलेली. हेमांगीचा हात चपळ होता. यंत्र समोर आले की काय बिघडले हे ती पाच मिनिटांत सांगे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघे. काका तिचे कौतुक करीत, पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, “आधी विचार, मग उघड.” हेमांगी हो म्हणे आणि उघडून मोकळी होई.

त्या दिवशी सकाळी दहाला निरोप आला तो इंदुमती हत्तरकी या निवृत्त शिक्षिकेचा. बाई तीस वर्षे कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवीत होत्या. घरचा संगणक दोन दिवस मध्येच बंद पडत होता आणि आज तर सुरूच होत नव्हता. काकांना वाटेत दवाखान्यातून गोळ्या घ्यायच्या होत्या. “तू हो पुढे, मी आलोच,” असे म्हणून त्यांनी हेमांगीला धाडले.

हेमांगीने बटण दाबले. पंखा घरघरला, पडदा काळाच राहिला, आणि क्षणभराने पंखाही थांबला. तीनदा तेच घडले. मग तिने आपला पेनड्राइव्ह काढला. संगणकाची स्वतःची यंत्रणा उठत नसेल तर त्यावरून तो उठवून पाहता येतो. समोरच्या दोन खाचांपैकी एक निकामी होती आणि दुसरीत कसली तरी वायर खोचलेली होती. तिने ती वायर उपसली, पेनड्राइव्ह लावला, बटण दाबले.

पडदा उजळला.

“सापडलं,” हेमांगी म्हणाली. “माझ्या पेनड्राइव्हवर चालू होतोय, तुमच्या डिस्कवर होत नाही. म्हणजे डिस्क गेली, बाई.”

“गेली म्हणजे?”

“खराब झाली. आतलं आता काही मिळायचं नाही. मी सगळं पुसून नव्यानं टाकून बघते. डिस्कनं साथ दिली तर महिना-दोन महिने चालेल, नाहीतर नवीन बसवू.”

बाई खुर्चीचा हात धरून खाली वाकल्या आणि तशाच जमिनीवर बसल्या. हेमांगी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा त्या कशाबशा म्हणाल्या, “त्यात माणसं आहेत गं.”

हेमांगीला अर्थ लागला नाही. घोटभर पाणी प्यायल्यावर बाईंनी सांगितले. ज्या बहिऱ्या माणसांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, ती आपापल्या घरात, वस्तीवर, स्वतःच्या खुणा तयार करतात. पेरणीसाठी एक खूण, सासरसाठी एक, भाकरी करपली यासाठी एक. बारा वर्षे बाई आजरा, चंदगड, नेसरीच्या बाजूला हिंडून अशा माणसांना भेटत होत्या, कधी त्यांच्या अंगणात, कधी त्यांना घरी आणून त्यांच्या खुणांच्या छोट्या छोट्या चित्रफिती घेऊन कोश करीत होत्या. चौदाशेच्या वर खुणा झाल्या होत्या. खुणा दाखवणाऱ्यांपैकी अकरा माणसे आता या जगात नव्हती, आणि त्यांच्या घरात ती भाषा जाणणारे दुसरे कुणी उरले नव्हते.

“दुसरीकडे कुठं प्रत ठेवली नाही?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

हेमांगीला मनापासून वाईट वाटले. पण जे गेले ते गेले, आता निदान यंत्र तरी हाती लागू दे, असा तिने विचार केला. पडद्यावर प्रश्न उभा होता: या डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचे का? तिचे बोट ‘हो’च्या कळीकडे गेले.

तेवढ्यात पडदा फटकन काळा झाला.

तिने दचकून मागे पाहिले. दारातून आत आलेले बरगेकाका भिंतीपाशी उभे होते, आणि त्यांच्या हातात संगणकाचा उपसलेला प्लग होता. त्यांनी चपला काढल्या नव्हत्या. या माणसाने एवढ्या वर्षांत कुणाच्याही घरात चपला घालून पाऊल टाकलेले नव्हते.

“काका, असा एकदम प्लग काढतात का!” हेमांगी जवळजवळ ओरडलीच.

“नाही काढत,” काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “आज काढला.”

ते बाहेर जाऊन चपला काढून आले, बाईंना हात देऊन खुर्चीवर बसवले आणि समोर स्टूल ओढून त्यावर बसले. “बाई, शेवटचा बंद पडला तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“नेसरीची एक आजी आली होती. ती खुणा करत होती. नीट दिसावं म्हणून मी कॅमेरा तिच्याकडं वळवला, आणि पडदा गेला.”

“आणि त्याच्या आधी?”

बाईंनी आठवून पाहिले. “तेव्हाही चित्रीकरणच चाललं होतं. नुसतं टाइप करताना कधी गेला नाही.”

काकांनी हेमांगीकडे पाहिले नाही. हा प्रश्न आपण विचारलाच नव्हता, हे तिचे तिलाच जाणवले.

मग त्यांनी संगणकाची पेटी उघडून डिस्क अलगद बाहेर काढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. हेमांगीला वाटले, आता बाईंच्या समाधानासाठी चाललेले हे शेवटचे सोपस्कार. दोन क्षण गेले. पडद्यावर फोल्डरांची रांग उमटली. काकांनी त्यातले एक उघडले. फेटा बांधलेला एक म्हातारा अंगणात बसून दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होता आणि मग एक तळवा आकाशाकडे उघडत होता.

“पाऊस थांबला,” बाई कुजबुजल्या. “हे चंदगडचे. तीन वर्षं झाली जाऊन.” आणि त्या तोंडाला पदर लावून रडू लागल्या.

डिस्क धडधाकट होती. जी गेली असे तिने ठामपणे सांगितले होते, जी पुसण्यासाठी तिने बोट उचलले होते, ती डिस्क. काका अर्धा मिनिट उशिरा आले असते तर तो म्हातारा, त्याचे अंगण आणि थांबलेला पाऊस तिच्या बोटाखाली संपला असता. आणि आपण संपवले हे तिला जन्मात कळलेही नसते. डिस्क आधीच गेली होती, असेच ती आयुष्यभर समजत राहिली असती.

सगळ्या डिस्कची प्रत करायला दीड तास लागला. बाईंनी चहा केला. प्रत पूर्ण झाल्यावर काकांनी ती उघडून दहा-बारा ठिकाणी तपासली आणि बाईंच्या हाती दिली. “ही कपाटात ठेवा. आणखी एक करून मी दुकानात ठेवतो.” मग त्यांनी मूळ डिस्क पेटीत परत बसवली, पडदा आणि कीबोर्ड तेवढे जोडले आणि बटण दाबले. संगणक विनातक्रार सुरू झाला. बाईंचा कोश समोर उघडला.

“देवासारखे आलात हो!” बाई म्हणाल्या. हेमांगीनेही सुटकेचा श्वास टाकला आणि पाने-पेचकस पिशवीत भरायला घेतले.

“थांब,” काका म्हणाले. “आता हा बंद पाडायचाय.”

हेमांगीने पिशवी खाली ठेवली.

काकांनी सकाळी या घरात जे जे जसे जोडलेले होते, ते एकेक करून पुन्हा जोडायला सुरुवात केली. स्पीकर जोडले. संगणक चालू राहिला. प्रिंटर जोडला. चालू राहिला. मग त्यांनी जमिनीवर पडलेली कॅमेऱ्याची वायर उचलली आणि समोरच्या खाचेत खोचली.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. बाई किंचाळल्या.

“काका!” हेमांगीच्या आवाजात राग होता. “चांगला चाललेला होता. का बंद पाडलात?”

काकांनी वायर काढली, बटण दाबले, संगणक उठला. वायर खोचली; संगणक पडला. तिसऱ्यांदाही तसेच केले, तसेच झाले. तेव्हा त्यांनी ती वायर खिडकीच्या उजेडात धरली. टोकापासून वीतभर अंतरावर, खुर्चीच्या पायाखाली सापडून सापडून तिचे वरचे आवरण फाटले होते आणि आतल्या तारा उघड्या होऊन एकमेकींना भिडत होत्या. कॅमेरा वळवला की वायर हाले, तारा भिडत, आणि आतले यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होई. दोन दिवस त्या अधूनमधून भिडत होत्या. आज सकाळपासून कायमच्या भिडल्या होत्या.

“बस,” काका म्हणाले. हेमांगी बसली.

“मघाशी हा सुरू झाला तेव्हा तू पिशवी भरायला घेतलीस. तो का पडला होता, हे आपल्याला कळलं होतं का? नव्हतं. आपण गेलो असतो, बाईंनी संध्याकाळी कॅमेरा लावला असता, की पुन्हा हेच. बिघाड आपल्या हातानं काढता येतो आणि आपल्या हातानं परत आणता येतो, तेव्हाच तो आपल्याला कळला असं म्हणावं. म्हणून बंद पाडला. प्रत झाल्याशिवाय पाडला नाही, हेही ध्यानात ठेव.”

त्यांनी ती फाटलेली वायर तिच्या हातात दिली.

“आणि सकाळचं सांगतो. पेनड्राइव्ह लावल्यावर हा चालू झाला म्हणून तू डिस्कला दोष दिलास. पण पेनड्राइव्ह लावायला जागा हवी म्हणून तू ही वायर काढलीस. तू दोन गोष्टी केल्या होत्यास, हेमांगी. ध्यानात एकच ठेवलीस, कारण दुसरी तुला काम वाटलीच नाही. जो अंदाज होता तो तू निकाल म्हणून बाईंना सांगितलास, आणि तोच निकाल अमलात आणायला बसलीस. अंदाज चुकला तर दुसरा करता येतो गं. निकाल अमलात आला की मागं फिरता येत नाही.”

काकांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, आणि त्यामुळेच ते अधिक झोंबले. हेमांगी उठली, बाईंच्या समोर गेली. “बाई, तुमचं काम डिस्कनं नव्हतं घालवलं. मी घालवणार होते. मला क्षमा करा.”

बाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवले.

“मी आधी बहिऱ्यांच्या शाळेत नव्हते,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षांची असताना एका खेड्यात प्राथमिक शाळेत लागले. पहिलीत भागुबाई नावाची एक मुलगी होती. हाक मारली की बघायची नाही, विचारलं की बोलायची नाही, नुसती हसायची. पंधरा दिवस बघितलं आणि तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही, उगाच शाळेत पाठवू नका. माझा हातही तुझ्यासारखाच चपळ होता बघ. चार वर्षांनी गावात कानाच्या डॉक्टरांचं शिबिर झालं, तेव्हा कळलं. तिला ऐकूच येत नव्हतं.”

हेमांगी त्यांच्याकडे वळून बसली.

“डोकं उत्तम होतं. पण ती चार वर्षं आईबाप तिच्याशी खुणेनंसुद्धा बोलले नव्हते. मास्तरीणबाईंनी सांगितलंय ना, हिला काही कळत नाही. मग बोलायचं कशाला? त्या वर्षीच मी ती नोकरी सोडली आणि बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घ्यायला गेले.” बाईंनी हेमांगीचा हात हलकेच दाबला. “तुझ्या हातून व्हायचं राहिलं, बाळ. माझ्या हातून झालं.”

काकांनी चष्मा काढून हातात धरला.

“ती आता कुठं असते?” हेमांगीने हळूच विचारले.

“इथंच, बाजारात भाजी विकते. मी दिसले की लांबूनच हात जोडते. बहिऱ्या मुलांसाठी बाईंनी जन्म घालवला, असं तिला कुणीतरी सांगितलंय.” बाईंचा स्वर अगदी खाली गेला. “तिच्या वडिलांना ते सांगणारी मीच होते, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. ते तिला कसं सांगायचं, त्याची खूण माझ्या कोशात नाही.”

त्या दिवसापासून हेमांगीचा हात पूर्वीइतकाच चपळ राहिला, पण जीभ मात्र सावकाश चालू लागली.