मैनेची नदी

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात एक व्यापारी आला आणि नमस्कार करून समोर बसला. त्याचे नाव वामनशेट. नदीकाठच्या गावात त्याचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. त्याची एकुलती एक मुलगी मैना नुकतीच क्षयाने गेली होती.

मैनेला ओळखत नाही असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. इतर मुले काठाला धरून डुंबत, त्या वयात ती नदीच्या मधोमध असलेल्या खडकापर्यंत पोहत जाई. एकदा धनगरांबरोबर ती डोंगर चढली, पलीकडच्या खोऱ्यात उतरली आणि दुसऱ्या दिवशी परतली. रागावलेला बाप दारात उभा होता. ओच्यातली करवंदे त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "बाबा, पलीकडेही एक नदी आहे! तुम्हाला माहीत होतं?"

वामनशेट स्वतः घोट्यापेक्षा खोल पाण्यात कधी उतरला नव्हता. मुलगी नदीवर गेली की तो दुकानात डोळे मिटून बसे. पण नदीने तिला दगा दिला नाही, डोंगरानेही दिला नाही. दगा दिला तो घरात येऊन बसलेल्या खोकल्याने. अंथरुणाला खिळल्यावरही तिची जीभ थकली नाही. "वैद्यबुवा, तुमच्या काढ्यापेक्षा डोंगराचा कडा सोपा होता," असे म्हणून ती वाटी तोंडाला लावी आणि वैद्यच तोंड फिरवून डोळे पुशी.

हे सारे आचार्यांना सांगून वामनशेटने विचारले. "आचार्य, लोक म्हणतात, पोरगी ओल्या अंगानं रानोमाळ भटकली, म्हणून दुखणं जडलं. मी तिला घरात कोंडून ठेवायला हवं होतं का? एवढंच सांगा. मला झोप नाही."

आचार्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "शेटजी, पोहता येतं?"

"नाही."

"मग उद्या सकाळी घाटावर या."

दुसऱ्या दिवसापासून गावाने एक विलक्षण दृश्य पाहिले. आचार्य कमरेइतक्या पाण्यात उभे आणि त्यांच्यासमोर पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला, अर्धे केस पिकलेला वामनशेट हातपाय मारतो आहे. तो गटांगळ्या खाई, खोकत वर येई, पायरीला मिठी मारी. धुणे धुणाऱ्या बायका हसू दाबत.

आचार्यांचा शिष्य निरंजन मात्र अस्वस्थ होता. एके दिवशी त्याला राहवले नाही. "गुरुजी, ते दुःखानं पोळून तुमच्याकडे आले. त्यांना धीराचे चार शब्द हवे होते. तुम्ही त्यांना पाण्यात ढकललंत!"

आचार्य म्हणाले, "निरंजना, आजार कोणाच्या घरी का येतो, हे मला ठाऊक नाही. घराबाहेर पाऊल न टाकणारी माणसंही याच दुखण्यानं जाताना मी पाहिली आहेत. हे मी त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुन्हा तोच प्रश्न घेऊन घरी गेले असते. त्यांना मुलगी आठवते ती खाटेवरची. आजारपणात ते क्षणभरही तिच्या उशापासून हलले नाहीत. पण ती जिथं मनापासून जगली, तिथं ते कधी गेलेच नाहीत. भीतीनं डोळे मिटून बसले. ज्या मुलीसाठी ते रडतात, तिची त्यांना अजून पुरती ओळख व्हायची आहे. ती मी कशी करून देणार? ती नदीच करून देईल."

काही आठवड्यांनी भोपळा सुटला. एका सकाळी वामनशेटने आचार्यांकडे पाहिले आणि तो खडकाच्या दिशेने निघाला. निरंजन काळजीने पाण्यात उतरून त्याच्या मागोमाग पोहू लागला. मध्यावर प्रवाहाची ओढ लागताच वामनशेटला धाप लागली, हात जड झाले; पण तो वळला नाही. खडकावर पोचल्यावर ऊन वर येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. खालून पाणी घोंघावत होते. वारा चहूबाजूंनी येत होता. निरंजनाने पाहिले, वामनशेट रडत होता आणि त्याच वेळी आश्चर्याने आजूबाजूला पाहत होता.

परत आल्यावर तो ओल्या अंगानेच पायरीवर टेकला. "आचार्य, केवढीशी होती हो, तेव्हा ती तिथवर जायची! मला आज या वयात मध्यावरून परत फिरावंसं वाटलं." मग म्हणाला, "ती माझं ऐकत नसे, याचा मला फार राग यायचा. आज वाटतं, तिनं ऐकलं असतं, तर तिच्या वाट्याला नुसतं आजारपण आलं असतं."

आचार्यांनी आपले उपरणे त्याच्या खांद्यावर घातले.

वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले. विधी उरकले. निरंजनही गुरूंबरोबर आला होता. एका वृद्ध आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावून विचारले, "फार हाल झाले का रे शेवटी पोरीचे?"

"झाले, आत्या," वामनशेट म्हणाला. "पण ते महिने थोडे होते. त्याआधी ती पुष्कळ जगली. त्या दिवसांबद्दल यांना विचार."

त्याने मैनेच्या मैत्रिणींना आणि तिला डोंगरापलीकडे नेणाऱ्या धनगराला मानाच्या पाटांवर बसवले होते. धनगर प्रथम संकोचला, मग सांगू लागला. अवघड उतारावर तो स्वतः वाट शोधत थांबला, तेव्हा मैना बसकण मारून घसरत सरळ खाली गेली आणि खालून ओरडली, "काका, बकऱ्यांना विचारा, त्यांना वाट ठाऊक आहे!" पंगतीत हशा पिकला. वाढणारे हात थांबले. वर्षभर ओठ न उघडलेली मैनेची आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "परकर फाडून आली होती. मला म्हणाली, काट्यानं फाटला!" आणि ती हसू लागली.

निरंजनाने गुरूंकडे पाहिले. आचार्य मन लावून जेवत होते. त्याला आता काही विचारायचे उरले नव्हते.

आपले माणूस गेले, की त्याचे अखेरचे दिवस आपण उराशी धरून बसतो. त्याने भरभरून जगलेले दिवसही तितक्याच निष्ठेने सांभाळावेत.