राणीची घागर आणि परसातलं डाळिंब

एका राज्यात एक राजा होता. तो लढाईवर गेला होता, तेव्हा त्याला तिकडंच राहू द्या. घरी होती राणी रत्नप्रभा, आणि तिच्या जिवाला घोर लागला होता.

झालं असं. लेक शेवंती जन्मली तेव्हा राणीनं परसात डाळिंबाचं रोप लावलं. लेक वाढली, झाड वाढलं. कालकंठ मांत्रिकानं ते झाड मागितलं. राणी म्हणाली, "मिळणार नाही."

तो हसला. "मग तुझ्या लेकीचा प्राण आजपासून या झाडात. याचं पिकलेलं, न तडकलेलं फळ तिच्या ओठी लागेल, तेव्हाच ती उठेल."

शेवंतीनं तिथंच डोळे मिटले.

आता आईच ती! उठता-बसता झाडाला घागरी ओतू लागली. झाड पानांनी नुसतं माजलं, पण फुलाचा पत्ता नाही. लेक श्वास घेई, एवढंच.

एके दिवशी फांदीवर राघू येऊन बसला आणि माणसासारखा बोलला. "राणी, तीन कामं करशील?"

"जीव मागितलास तरी देईन."

"जीव देणं सोपं गं. आधी बुडाशी आलेले फुटवे काप. ते झाडाचं खातात आणि देत काही नाहीत."

राणीनं विळा घेतला, फुटवे कापले.

"आता पाणी तोड. पानं गळेपर्यंत थेंब घालू नकोस. सुखात लोळणारं डाळिंब फुलत नाही."

अगं बाई, काय ते दिवस! पानं पिवळी पडली, तशी शेवंती पिवळी पडली. पानं गळू लागली, तसे तिचे ओठ सुकले. राणीच्या घशाखाली घास उतरेना. मन चिंती ते वैरी न चिंती! त्यात कालकंठ कुंपणाशी येऊन म्हणाला, "आई म्हणवतेस? घाल की पाणी!"

राणीनं मातीची घागर उचलली. झाडापर्यंत नेली. मग तिनं ती फरशीवर आपटली आणि खापरांत बसून ढसाढसा रडली.

शेवटचं पान गळलं. राघू म्हणाला, "तिसरं काम. रोज सकाळी एक तांब्या पाणी. कमी नाही, जास्त नाही."

झाड लालभडक फुललं. तीन फळं धरली. शेवंतीच्या गालांवर रंग आला. पण राणीला कुठला धीर! लेक लवकर उठावी म्हणून तिनं एका सकाळी दोन तांबे ओतले. उन्हं वर आली आणि दोन फळं तटातट तडकली. शेवंती झोपेत कण्हली.

उरलं एक. त्यानंतर राणी एक तांब्या ओते आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून बसे.

फळ पिकलं. टिचकी मारली तर खणखणलं. कुठं चीर नव्हती. राणीनं ते फोडलं आणि एक दाणा लेकीच्या ओठांत चुरडला. त्याच क्षणी कुंपणापाशी कालकंठ जमिनीत रुतला आणि झाडाच्या बुडाशी फुटवा होऊन उगवला. पुढं राजा परतला, त्यानं सगळं ऐकलं आणि आधी विळा मागवला.

पण दाणा ओठी लागला तेव्हाच इकडं शेवंतीनं डोळे उघडले. "आई, तहान लागलीय."

राणीनं तांब्या तिच्या ओठी धरला. "पी, बाळा. पण 'पुरे' तूच म्हण. मला ते कळत नाही."