सारजाचं रडार

होड्या बोलायच्या तेव्हाची गोष्ट. वारा पडलेला असूनही आपण एका अंगाला कलतोय, हे सारजा नावाच्या छोट्या शिडाच्या होडीला बंदरातच जाणवलं आणि ती दचकली. मोठ्या जहाजावर असतं तसलं भलंमोठं रडार तिने कालच डोलकाठीवर मिरवत बसवून घेतलं होतं.

"तुझ्या एवढ्याशा बॅटरीवर हे चालेल का गं?" शेजारची गोदू होडी म्हणाली. तिचं रडार छोटं, थाळीएवढं होतं.

"तुझ्या थाळीपेक्षा बरंच चालेल," सारजाने नाक मुरडलं.

"वीस कोसांवरचं दिसतं मला," रडार गुरगुरलं.

दुपारी सारजा समुद्रावर असताना खडकांपाशी दाट धुकं उतरलं. तोवर वीस कोस पाहणाऱ्या साहेबांनी सगळी बॅटरी पिऊन डोळे मिटले होते. पाण्याखालचा खडक तळाला घासला, तशी सारजा हाका मारत सुटली.

तिसऱ्या हाकेला धुक्यातून गोदूचा आवाज आला, "ओरडू नकोस. थाळीत दिसतेयस तू. नांगर टाक, मी येते."